कागदावरचा 'नाना'

मराठी घरात 'नाना' हे वडीलधाऱ्या माणसाचे नाव. ओटीवर सुपारी कातरत बसलेला, ज्याच्या शब्दावाचून घरातल्या लग्नकार्याचे पान हलत नाही, असा माणूस या नावाबरोबर डोळ्यांपुढे येतो. लष्कराच्या वैद्यकीय कागदांत मात्र एक निराळाच 'नाना' वावरतो. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून त्याचा जन्म झाला आहे. त्याचा अर्थ असा, की जवानाला जडलेले अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेलेही नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही. ना हे, ना ते. हा शेरा पडला की अपंगत्वाच्या पेन्शनचा दरवाजा बंद होतो. पंधरा-वीस वर्षे पलटणीत काढून गावी परतलेल्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब या एका ओळीने फिरतो, आणि पुष्कळदा ती ओळ त्याने स्वतः कधी वाचलेलीही नसते.

रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायला हा विषय जरा कोरडा आहे, हे मला ठाऊक आहे. टक्के, नियम, मंडळे, अपिले हे सारे वकिलांनी वाचावे असे कोणालाही वाटेल. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मिलिटरीतून आलेला माणूस नाही अशी वाडी शोधावी लागेल. कोणी मराठा पलटणीतला, कोणी महार रेजिमेंटमधला, कोणी आरमारात बोटीच्या इंजिनघरात उमेद घालवलेला. त्यांतल्या एखाद्याचा गुडघा जिना चढताना धरतो, एखाद्याला हाक मारली तर ऐकू येत नाही, एखादा रात्री दचकून उठतो. घरातली माणसे म्हणतात, "वय झाले आता." वय झाले असेलही. पण ते केवळ वय आहे की नोकरीने केलेली झीज आहे, हा प्रश्न विचारण्याचा त्या माणसाला कायद्याने हक्क आहे आणि त्याचे उत्तर सरकारने कारणांसह द्यायचे आहे. एवढी एकच गोष्ट आज मला सांगायची आहे.

पेन्शनरांचा मुलूख

आपल्या जिल्ह्याचे आणि लष्करी पेन्शनचे नाते फार जुने. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला आणि दापोलीच्या पठारावर लष्कराची छावणी पडली. जुनी माणसे अजूनही त्या गावाला 'कॅम्प दापोली' म्हणतात. पुढे छावणी उठली, पण पेन्शनर राहिले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर १८९०च्या दशकात कुटुंबासह दापोलीला येऊन राहिले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव पुढे देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. त्याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली आणि महारांसाठी बंद झालेली सैन्यभरतीची दारे पुन्हा उघडावीत म्हणून १८९४च्या सुमारास सरकारला उद्देशून अर्ज लिहिला. सरकारपुढे हात न पसरता, कागदावर मुद्दे मांडून हक्क मागायचा, हा धडा या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूटच्या वेढ्यात अडकून १९१६ साली शरण जावे लागलेल्या फौजेत मराठा शिपाईही होते. त्या युद्धातून हात-पाय गमावून परतलेल्यांना काही हुन्नर शिकवावा म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे खडकीला गेले आणि अजून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आले. मज्जारज्जूला इजा होऊन चाकाच्या खुर्चीत बसलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीला पुनर्वसन केंद्र सुरू झाले. म्हणजे जखमी सैनिकाला उभे करणाऱ्या देशातल्या नावाजलेल्या संस्था आपल्याच राज्यात, घाट चढून गेले की समोर आहेत. पाय बसवून देणारे आहेत, हुन्नर शिकवणारे आहेत. उणीव आहे ती कागद वाचून दाखवणाऱ्याची.

टक्के कशाचे?

'वीस टक्के अपंगत्व' असे कागदावर लिहिलेले असते. पहिला गैरसमज इथेच होतो. वीस टक्के म्हणजे पगाराचे वीस टक्के नव्हेत आणि माणूस वीस टक्के उणा झाला असेही नव्हे. नोकरी सोडताना लष्करी डॉक्टरांचे मंडळ जवानाला तपासते. त्याच वयाचा निरोगी माणूस शरीराने आणि मनाने जे करू शकतो, त्याच्या तुलनेत या माणसाची किती क्षमता गेली, याचा तो अंदाज असतो. दोन-तीन विकार असले तर त्यांचे टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत, एकत्रित आकडा वेगळा काढतात. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी हा आकडा किमान वीस असावा लागतो.

दुसरा गैरसमज जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्याचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा आहे. तो दाखला आणि ते कार्ड बसभाडे, शिक्षण, नोकरी यांसाठी कामाचे. लष्करी पेन्शनचा त्याच्याशी थेट संबंध नाही. लष्कराचे मंडळ वेगळे, त्याची मोजपट्टी वेगळी. रुग्णालयाच्या दाखल्यावर चाळीस आले नाहीत म्हणून लष्कराकडचा दावा सोडून देणे ही मोठी चूक. उलट, रुग्णालयाने चाळीस लिहिले म्हणजे पेन्शन मिळालीच, असेही नाही.

आता हिशेब पाहू. समजा, पेन्शनसाठी धरले जाणारे जवानाचे शेवटचे वेतन, म्हणजे मूळ पगार आणि लष्करी सेवा वेतन वगैरे मिळून, महिना ४०,००० रुपये आहे. शंभर टक्के अपंगत्वाला या रकमेचे तीस टक्के, म्हणजे १२,००० रुपये, हा अपंगत्वाचा भाग. वीस टक्के असतील तर त्याच प्रमाणात २,४०० रुपये. नोकरीच्या वर्षांबद्दलची पेन्शन याहून वेगळी, आणि महागाईभत्ता त्यावर.

पण इथे एक महत्त्वाची सवलत आहे. डॉक्टरांचा अंदाज शेवटी अंदाजच असतो. एक मंडळ वीस म्हणेल, दुसरे तीस. हा लहरीपणा टाळण्यासाठी पाचव्या वेतन आयोगानंतर, ३१ जानेवारी २००१च्या आदेशाने, तीन पायऱ्या ठरवल्या गेल्या. पन्नासच्या खालचे सारे आकडे पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर आणि शहात्तरच्या पुढे शंभर. ही सवलत १ जानेवारी १९९६पासून लागू झाली. आपल्या उदाहरणातल्या जवानाचे २,४०० रुपये त्यामुळे ६,००० होतात. सुरुवातीला सरकारने ही सवलत अपंगत्वामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांपुरती, म्हणजे फौजी भाषेत 'बोर्ड आऊट' झालेल्यांपुरतीच मानली. नोकरीची मुदत पुरी करून आलेल्यांना ती नाकारली जाई. सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी हा भेद मोडला. तरीही जुन्या पेन्शनरांपैकी कोणाच्या कागदावर अजून नुसते वीस किंवा तीसच चालू असतील, तर त्यांनी आपला पेन्शनचा आदेश एकदा उघडून पाहावा.

युद्धात झालेल्या इजेचा हिशेब आणखी वेगळा. त्या इजेमुळे नोकरी सोडावी लागली आणि अपंगत्व शंभर टक्के असेल, तर हा भाग शेवटच्या वेतनाइतका असतो. आपल्या उदाहरणात बारा हजारांऐवजी चाळीस हजार. म्हणजे मोडलेला पाय तोच, डॉक्टरांचे टक्के तेच, पण तो कुठे आणि कसा मोडला यावर रक्कम तिपटीहून अधिक बदलते. त्यामुळे 'किती टक्के' या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, प्रश्न 'कशामुळे' हा आहे.

कशामुळे?

२००१च्या त्याच आदेशात कारणांचे पाच गट पाडले आहेत. पहिल्या, 'ए' गटात नोकरीशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे. हाच तो 'नाना'. 'बी' गटात नोकरीच्या विशेष परिस्थितीने आलेले किंवा बळावलेले आजार. 'सी' गटात कर्तव्य बजावताना झालेले अपघात. कवायतीत, सरावात, लष्करी वाहनात झालेली इजा यात येते. 'डी' गटात अतिरेक्यांचे किंवा समाजकंटकांचे हल्ले आणि नैसर्गिक आपत्तीत मुलकी अधिकाऱ्यांना मदत करताना झालेली हानी. 'ई' गटात युद्ध, सीमेवरच्या चकमकी आणि प्रत्यक्ष कारवाया.

आपल्याकडच्या माणसाला पडणारा नेहमीचा प्रश्न रजेतल्या अपघाताचा. गणपतीला किंवा शिमग्याला जवान घरी येतो. कोकण रेल्वेच्या गर्दीत उभ्याने प्रवास करतो. रजेवर घरी येताना आणि परत पलटणीत जाताना होणाऱ्या अशा प्रवासाला नियमांनी कर्तव्याचा भाग मानले आहे. तेव्हा झालेल्या अपघाताचा दावा करता येतो. पण घरी पोचल्यावर तो नारळ काढायला माडावर चढला आणि पडला, तर? रजेवर असलेला जवान नोकरीतच असतो हे खरे, पण इजा आणि लष्करी सेवा यांच्यात काही कारणसंबंध दिसला पाहिजे. जुझार सिंग खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, वार्षिक रजेत स्कूटरच्या अपघातात झालेल्या इजेला हाच न्याय लावून पेन्शन नाकारली. तेव्हा माडाच्या बाबतीत आशा कमी. हे आधीच कळले तर म्हातारपणी खोट्या आशेवर पैसे घालवण्याची पाळी येत नाही. हक्क जाणून घ्यायचा तो कुठे नाही हे कळण्यासाठीसुद्धा.

ओझे कोणाचे?

अपघाताचे निदान साक्षीदार असतात. आजारांचे तसे नाही. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, फिट्स, मानसिक आजार इथे 'नाना' हमखास डोके वर काढतो. "हा आजार त्याच्या प्रकृतीतच होता," असे मंडळ लिहिते आणि गावातल्या माणसालाही ते पटते. शेजारच्या पोस्टमास्तरांनाही रक्तदाब आहेच की! पण यातली मेख समजून घेतली पाहिजे.

धरमवीर सिंग हा सिग्नल कोअरमधला जवान १९८५ साली भरती झाला. भरतीच्या वेळी त्याला तपासून धडधाकट ठरवले होते. नऊ वर्षांनी, १९९४ साली, फिट्स येतात म्हणून वीस टक्के अपंगत्व लिहून त्याला घरी पाठवले. मंडळाने शेरा मारला, आजार सेवेशी संबंधित नाही. पेन्शन नाकारली गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ जुलै २०१३ रोजी निकाल लागला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. भरती करताना तुम्ही त्याला तपासले, आजाराची नोंद केली नाही, म्हणजे तो निरोगी होता असे मानले पाहिजे. पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे धरले पाहिजे. तसे नसेल तर ते दाखवण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची, आजारी माणसाची नव्हे. भरतीच्या वेळी हा आजार कळण्यासारखा नव्हता असे मंडळाला म्हणायचे असेल, तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा जवानाला मिळाला पाहिजे.

मला या निकालात एक घरगुती शहाणपण दिसते. मुलगी सासरी देताना धडधाकट होती आणि पाच वर्षांत खंगली, तर आपण तिच्या माहेराला जाब विचारत नाही. ज्या घरात ती राबली, त्या घराने उत्तर द्यायचे असते. लष्कर निवडून, मोजून, छाती फुगवायला लावून मुले घेते. मग परत करताना, ती आधीपासूनच अशी होती, असे नुसत्या एका शेऱ्याने कसे म्हणता येईल?

यानंतर नियम बदलले आहेत, हेही सांगितले पाहिजे. २१ सप्टेंबर २०२३पासून नोकरी सोडणाऱ्यांना नवे नियम लागू झाले. अपंगत्व असूनही सेवेत ठेवलेल्या आणि पुढे रीतसर निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यात वेगळ्या नावाची तरतूद आली आणि काही आजारांबाबत कसोट्या कडक झाल्या. बऱ्याच वर्षांनी दावा केला तर सिद्ध करण्याचे ओझे दावेदाराकडे सरकते, हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे नोकरी कधी सोडली ती तारीख आधी पाहावी आणि मग त्या तारखेचे नियम वाचावेत. शेजाऱ्याला मिळाले ते नियम आपल्याला लागू असतीलच असे नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस यांचे नियम तर मुळातच निराळे आहेत.

दुसरी बाजू

सरकारचीही एक बाजू आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. चाळिशी ओलांडल्यावर येणारे रक्तदाब-मधुमेह दाखवून पेन्शन वाढवून घेण्याचा प्रकार होतो, असे लष्करातूनच बोलले जाते. नवे नियम त्यासाठीच आणल्याचे सांगण्यात आले. २०२३ साली संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात २०१५-१६ ते २०१९-२० या वर्षांचा आढावा आहे. दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अपंगत्वाची पेन्शन घेऊन बाहेर पडले. अधिकाऱ्यांखालच्या जवानांत हेच प्रमाण १५ ते १८ टक्के होते.

हे आकडे मी दोनदा वाचले. बर्फात पहारा देणारा, ओझी वाहणारा, खंदक खणणारा बहुतेक जवानच असतो. मग त्याचे अपंगत्व अधिकाऱ्याच्या निम्म्याहून कमी कसे? अधिकारी वयाने मोठे असताना निवृत्त होतात, हे एक कारण असेल. पण माझ्या मते एवढ्याने सारा फरक उलगडत नाही. ज्याला कागद वाचता येतो, दुखणे वेळीच नोंदवावे हे ज्याला कळते, मंडळासमोर बसून जो इंग्रजीत बोलू शकतो, त्याचे दुखणे कागदावर येते. बाकीच्यांचे अंगातच राहते. गैरवापर रोखायचा असेल तर जरूर रोखावा. पण त्याची चाळणी इतकी बारीक होऊ नये, की खरा पांगळा झालेला शिपाईच तिच्यात अडकावा आणि हुशार माणूस बाजूने निघून जावा.

घरातली लाज

आपल्या घरांतही एक अडसर आहे. जवान घरी परततो तो गावाच्या डोळ्यांत रुबाबदार असतो. पिळदार मिशा, ताठ चाल. त्याच्या नावापुढे 'अपंग' हा शब्द लागावा हे त्यालाही नको असते आणि बायकोलाही. मुलीचे लग्न जमवायचे आहे, मुलाला भरतीला पाठवायचे आहे, उगाच कशाला? शिवाय निवृत्त झाल्यावर मुंबईत सुरक्षारक्षकाची नोकरी हवी असते. तिथे दुखणे सांगून कसे चालेल? म्हणून शेवटच्या तपासणीत कित्येक जण "काही तक्रार नाही" म्हणून सही करतात. घरी लवकर जायचे असते, गाडीचे तिकीट काढलेले असते. ती सही पुढे दहा वर्षांनी आडवी येते.

ज्यांना ही लाज वाटते, त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांकडे पाहावे. १९६५च्या युद्धात या जवानाला गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गला अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या. तिथे त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. सरकारला त्यांची आठवण व्हायला वेळ लागला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. त्यांच्या वैद्यकीय कागदावरचे टक्के त्यांच्या कर्तृत्वाचे मोजमाप कधीच नव्हते. टक्के हा सरकारच्या देण्याचा हिशेब आहे. माणूस किती उरला हे त्यातून ठरत नाही. दुकानदाराकडून उरलेले सुटे पैसे घेताना आपण लाजत नाही. इथे तर शरीर खर्ची घातले आहे.

ट्रंकेतले कागद

मग करायचे काय? आधी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढायची. तिच्यात डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा आदेश असतो आणि नशीब असेल तर शेवटच्या वैद्यकीय मंडळाचा कागदही असतो. नसेल तर आपल्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडून तो मागवता येतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आणि नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला. माहितीच्या अधिकाराचा अर्जही चालतो. इजा झालेली असेल तर इजेचा अहवाल, चौकशी झाली असेल तर तिचा निष्कर्ष आणि लष्करी रुग्णालयातले जुने कागद जोडावेत. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कामच या बाबतीत मार्गदर्शन करण्याचे आहे. तिथे जायला संकोच नको.

मंडळाच्या कागदात तीन गोष्टी शोधाव्यात. टक्के किती लिहिले आहेत, अपंगत्व कायमचे आहे की ठरावीक मुदतीपुरते, आणि सेवेशी संबंध आहे की नाही. संबंध नाही असे लिहिले असेल तर त्यापुढे कारण लिहिले आहे का, हे वाचावे. "प्रकृतीतच होता" एवढेच असेल, तर धरमवीर सिंगचा निकाल आठवावा.

नकाराचे पत्र आले की घर खचते. पण नकार ही पहिली पायरी असते. त्यावर विभागाकडे पहिले अपील, मग दुसरे अपील करता येते. त्यांची मुदत साधारण सहा महिन्यांची असते. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ साली सुरू झाले आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

वर्षे उलटून गेली असतील तरी सारे संपले असे मानू नये. दरमहा मिळायची रक्कम दरमहा नाकारली जाते, म्हणून हा अन्याय चालू राहणारा आहे, असे तर्सेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मानले. त्या जवानाला १९८३ साली घरी पाठवले होते आणि तो दाद मागायला गेला १९९९ साली. पेन्शन मिळाली, पण मागची थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. सोळा वर्षांच्या गप्प बसण्याची किंमत तेरा वर्षांची रक्कम. उशीर हक्क मारत नाही, पण पैसा खातो.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायकांसाठी. अपंगत्वाचा भाग पेन्शनरच्या हयातीपुरता असतो. पण त्याच विकाराने मृत्यू आला, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. म्हणून मृत्यूचे कारण डॉक्टरांच्या दाखल्यावर नीट लिहिले आहे ना, हे त्या दुःखातही कोणी तरी पाहावे. "वार्धक्याने" हा आपल्याकडचा आवडता शब्द कधी कधी विधवेला महागात पडतो.

नव्या मुलांसाठी

शेवटी आज मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलांबद्दल. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीराला पेन्शन नाही आणि अपंगत्वाची मासिक पेन्शनही नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर एकरकमी मदत मिळते. शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख आणि पन्नासला १५ लाख रुपये. रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण एकविसाव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलापुढे चाळीस-पन्नास वर्षे पडलेली असतात. एकरकमी पैसा कोकणातल्या घरात कसा जातो, हे सांगायला नको. घराचे छप्पर, बहिणीचे लग्न, जुने कर्ज. दरमहा येणारी पेन्शन म्हातारपणाची काठी असते. एकदाच आलेली रक्कम पाहुण्यासारखी निघून जाते. या तरतुदीचा फेरविचार व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर या मुलांना एवढे तरी शिकवून पाठवावे: दुखले तर नोंद करा. मुका मार असला तरी पलटणीच्या डॉक्टरकडे जा आणि कागद मागून घ्या. भरतीच्या तयारीचे वर्ग गावोगाव निघाले आहेत. लांब उडी आणि सोळाशे मीटरबरोबर तिथे हा एक धडा शिकवायला अर्धा तास पुरतो.

दरवर्षी ७ डिसेंबरला आपण ध्वजदिन पाळतो. शाळेतली मुले डबा घेऊन फिरतात, आपण पैसे टाकतो, छातीला कागदी झेंडा टोचतो. ते करावेच. पण जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि शिक्षकांनी त्या आठवड्यात आणखी एक काम अंगावर घ्यावे. इंग्रजी वाचता येणाऱ्या दोन-दोन मुलांना वाडीवाडीत पाठवावे आणि माजी सैनिकांच्या घरच्या ट्रंका उघडून तो कागद त्यांना मराठीत वाचून दाखवायला सांगावे. सगळ्यांना पेन्शन मिळेल असे नाही. काहींना आपला दावा लागत नाही हेच कळेल. पण आपल्या शरीराबद्दल सरकारने काय लिहून ठेवले आहे, हे ज्याचे शरीर त्याला माहीत असावे, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.